ऑस्टिओपोरोसिसच्या जनुक-अभिव्यक्ती अभ्यासासाठी संदर्भ जनुके कशी निवडावीत

क्यूपीसीआरमध्ये जनुकाच्या प्रती दर सायकलला दुप्पट होतात. संकेत ज्या सायकलला ठरावीक पातळी ओलांडतो तो सीटी, आणि सीटी जितका कमी तितकी अभिव्यक्ती जास्त. दोन गटांचे आकडे घेऊ. निरोगी गटात रनएक्स२ या जनुकाचा सीटी २६, ऑस्टिओपोरोसिसच्या गटातही २६. आरएनए दोन्हीकडे मोजून सारखाच घेतलेला. आता ज्याच्याशी तुलना करायची ते, स्थिर मानलेले संदर्भ जनुक जीएपीडीएच पाहा: निरोगी गटात १८, रुग्णगटात १७. म्हणजे डेल्टा सीटी (लक्ष्य जनुकाचा सीटी वजा संदर्भ जनुकाचा) एकीकडे ८ आणि दुसरीकडे ९. फरक १ चा, आणि निष्कर्ष निघतो की रुग्णांमध्ये रनएक्स२ निम्म्यावर आले. प्रत्यक्षात रनएक्स२ जागचे हललेलेच नाही, हलले ते जीएपीडीएच. एक सायकल म्हणजे दुप्पट, आणि हाडांच्या अभ्यासात बरेचसे फरक दीडपट-दुपटीच्या घरातलेच असतात. संदर्भ जनुक घसरले तर चूक खऱ्या परिणामाएवढीच मोठी होते. वर ती दर नमुन्यात एकाच दिशेने होत असल्यामुळे पी-मूल्यही छान येते आणि शंका घ्यायला जागा उरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करून घ्या: कुठलेही जनुक नावावरून संदर्भ ठरत नाही. कोणाच्या तरी शोधनिबंधात ते स्थिर निघाले होते, एवढ्यावर तुमच्या ऊतीत, तुमच्या उपचारात आणि तुमच्या दिवसांच्या अंतरात ते स्थिर राहील असे होत नाही. स्वतःच्या नमुन्यांवर तपासणे एवढाच मार्ग आहे. पहिल्यांदा करताना दोन-तीन आठवडे जातात, पण ते पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहेत.

हाडात नेहमीची जनुके का डळमळतात

ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट आणि हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींचा तोल बिघडतो. या पेशींच्या कामातच नेहमीची हाउसकीपिंग (पेशीच्या रोजच्या कामाची) जनुके गुंतलेली असतात.

बीटा-अ‍ॅक्टिन घ्या. ऑस्टिओक्लास्ट तयार होताना मोनोसाइट वंशाच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची मोठी पेशी बनते आणि हाडाला चिकटण्यासाठी अ‍ॅक्टिनचे कडे उभारते. पेशीचा सांगाडाच नव्याने बांधला जात असताना त्या सांगाड्याचे जनुक मोजपट्टी म्हणून वापरणे धोक्याचे आहे. पेशींवर यांत्रिक ताण देणाऱ्या प्रयोगांतही हाच प्रश्न येतो. नायट्रोजनयुक्त बिस्फॉस्फोनेट औषधे फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर अडवतात, त्यामुळे ऱ्हो आणि रॅक कुळातील प्रथिनांचे काम बिघडते आणि सांगाडा विस्कटतो. अशा प्रयोगात अ‍ॅक्टिन यादीत ठेवायचे असेल तर फक्त तुलनेसाठी ठेवा.

जीएपीडीएच ग्लायकोलिसिसमधले आहे. अस्थिमज्जेत ऑक्सिजन कमी असतो आणि ऑक्सिजन घटला की एचआयएफ-१ मार्फत ग्लायकोलिसिसची जनुके वाढतात. मूळपेशी ऑस्टिओब्लास्टकडे वळताना ऊर्जेचा ढंगही बदलतो. पीजीके१ याच वाटेवरचे आहे, त्यामुळे जीएपीडीएचवर शंका असेल तर पीजीके१ हा त्याला पर्याय होत नाही. टीएफआरसी म्हणजे ट्रान्सफरिन ग्राहक. ऑस्टिओक्लास्ट घडताना लोह आत घेण्याची गरज वाढते आणि हे जनुकही वाढते. त्या पेशींत मायटोकाँड्रियाही भरपूर वाढतात, म्हणून एसडीएचए (मायटोकाँड्रियातल्या विकराचे जनुक) जपून घ्या. बी२एम इंटरफेरॉन व दाहाला प्रतिसाद देते, आणि इस्ट्रोजेन घटल्यावर दाहकारक सायटोकाइन वाढतात हे तर या आजाराच्या मुळाशीच आहे.

१८एस या रायबोसोमच्या आरएनएबद्दल थोडक्यात सांगायचे तर टाळा. ते इतके मुबलक असते की सीटी १० च्या आसपास येतो, तुमचे लक्ष्य जनुक २६-२८ वर असते, आणि त्याला पॉली-ए शेपटी नसल्याने ऑलिगो-डीटी (त्या शेपटीला चिकटणारा प्रायमर) वापरून केलेल्या सीडीएनएमध्ये, म्हणजे आरएनएच्या डीएनए-प्रतीत, ते नीट उतरतच नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. अंडाशय काढलेल्या उंदरांत किंवा वयस्क रुग्णांत मज्जेतली चरबी वाढते आणि पेशींचे मिश्रणच बदलते. अख्ख्या हाडाचा आरएनए काढला तर तुम्ही एका पेशीतला बदल मोजत नसता, पेशींचे प्रमाण बदलल्याचा परिणामही त्यात मिसळलेला असतो. संदर्भ जनुक कितीही चांगले असले तरी हा गुंता ते सोडवू शकत नाही. तो नमुना घेतानाच कमी करावा लागतो.

पायरी १: गट आणि नमुना नेमका ठरवा

स्थिरतेची चाचणी ज्या नमुन्यांवर कराल, त्याच प्रकारच्या नमुन्यांपुरता निष्कर्ष लागू होतो. त्यामुळे चाचणीत प्रयोगातला प्रत्येक गट यायला हवा: शॅम शस्त्रक्रिया (चीर देऊन अंडाशय न काढता केलेली), अंडाशय काढलेला, आणि औषध दिलेला. फक्त नियंत्रण गटावर चाचणी करून जनुक निवडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. जनुक गटागटांत हलते का, हाच तर प्रश्न आहे. दर गटात किमान ८, म्हणजे तीन गटांत २४ नमुने ठेवा.

रुग्णांच्या नमुन्यांत नियंत्रण गट कोणता, याकडे बारकाईने पाहा. ऑस्टिओपोरोसिसचे नमुने बहुधा खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांचे असतात आणि तुलनेसाठी सांधेरोपण झालेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या रुग्णांचे फीमर-शीर्ष घेतले जाते. तो गट निरोगी नाही. तिथे हाड दाट होण्याची वेगळी प्रक्रिया चाललेली असते. शिवाय हाड मोडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत जितके तास गेले, तितका दाह नमुन्यात उतरतो. हे तास, वय, स्टिरॉइड किंवा बिस्फॉस्फोनेट सुरू होते का, आणि हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर (−२.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस) ही माहिती नमुना घेतानाच वहीत लिहा. मागाहून ती मिळत नाही.

पेशींच्या प्रयोगात प्रत्येक दिवस हा वेगळा गट समजा. ऑस्टिओब्लास्टसाठी ०, ७, १४ आणि २१, आणि रँकएल देऊन ऑस्टिओक्लास्ट बनवत असाल तर ० ते ५-६ या टप्प्यातले दिवस.

पायरी २: ८ ते १० उमेदवार निवडा

यादी करताना नियम एकच: शक्यतो प्रत्येक जनुक वेगळ्या कामातले हवे. आरपीएलपी० आणि आरपीएल१३ए ही दोन्ही रायबोसोमची प्रथिने आहेत. ती एकत्र वरखाली होतात आणि गणिताला वाटते की दोघेही फार स्थिर आहेत. दोघांपैकी एकच घ्या.

सुरुवातीसाठी ही यादी चालेल: टीबीपी (लिप्यंतरण), एचपीआरटी१ (प्युरिनचा पुनर्वापर), वायव्हाझ (संदेशवहन), आरपीएलपी० (रायबोसोम), पीपीआयए (प्रथिनांची घडी), यूबीसी (प्रथिनांचे विघटन), पीयूएम१ (आरएनएचे नियमन), एचएमबीएस (हीमची घडण), आणि तुलनेसाठी जीएपीडीएच व बीटा-अ‍ॅक्टिन. मज्जा धुतलेली नसेल तर एचएमबीएस वगळा, कारण लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत हीमची घडण जोरात चालते. टीबीपी बहुधा स्थिर निघते, पण त्याची पातळी कमी असते. २८-२९ सीटी आला तर घाबरू नका, मात्र आरएनए तुटलेला असेल तर सर्वांत आधी असेच जनुक दगा देते. उमेदवाराचा सीटी लक्ष्य जनुकाच्या जवळपास, साधारण १८ ते २८ च्या पट्ट्यात असला म्हणजे बरे.

तुमच्याच प्रकारच्या ऊतीचा आरएनए-सीक्वेन्सिंग डेटा जिओ या सार्वजनिक संग्रहात सापडला तर दोन-तीन अनपेक्षित उमेदवार त्यातून मिळू शकतात. मध्यम पातळी आणि गटांत कमीत कमी फरक, एवढी चाळणी पुरते.

पायरी ३: हाडातून चांगला आरएनए काढा

खरे काम इथे आहे. संदर्भ जनुके "अस्थिर" निघाल्याच्या कितीतरी प्रकरणांत दोष जनुकाचा नसून आरएनएचा असतो.

हाड काढल्याबरोबर मऊ ऊती खरवडून टाका. मज्जा नको असेल तर उंदराच्या फीमरची टोके कापा, ०.५ मिलिलिटरच्या नळीच्या तळाला सुईने भोक पाडून त्यात हाड उभे ठेवा, ती नळी १.५ मिलिलिटरच्या नळीत बसवा आणि १०,००० जीवर १५ सेकंद फिरवा. मज्जा खाली उतरते आणि हाड पांढरे दिसू लागते. गुलाबी राहिले तर पुन्हा फिरवा. लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. टोके कापायची की ठेवायची, ते सर्व प्राण्यांत सारखे हवे. टोकांकडचे जाळीदार हाड आणि मधल्या दांड्याचे घट्ट हाड यांत पेशींचे प्रमाण फार वेगळे असते.

गोठलेले हाड द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या खलात कुटून पिठासारखे करा. मध्येच वितळू देऊ नका. ५० ते १०० मिलिग्रॅम भुकटीला १ मिलिलिटर ट्रायझॉल. ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म घालून हलवा आणि १२,००० जीवर ४ अंशाला १५ मिनिटे फिरवा. वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या थरापासून लांब राहा, थोडा द्राव मागे सोडला तरी चालेल. हाडात आणि कूर्चेत प्रोटिओग्लायकॅन भरपूर असतात आणि ते आरएनएसोबत खाली बसतात. त्यासाठी दर मिलिलिटर ट्रायझॉलमागे ०.५ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल घालण्याऐवजी ०.२५ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल आणि ०.२५ मिलिलिटर क्षारद्रावण (०.८ मोलर सोडियम सायट्रेट व १.२ मोलर सोडियम क्लोराइड) घाला. मग ७५ टक्के इथेनॉलने धुवा. पुढे डीएनेज-१ (डीएनए तोडणारे विकर) ची प्रक्रिया करा. ही पायरी ऐच्छिक नाही. जीएपीडीएच आणि बीटा-अ‍ॅक्टिनची जीनोममध्ये कितीतरी छद्मजनुके आहेत. त्यांत इन्ट्रॉन नसतात, त्यामुळे इन्ट्रॉन ओलांडणारे प्रायमरही मागे राहिलेल्या डीएनएवर चालतात.

तपासणी अशी: प्रकाशशोषणाचे २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास, २६०/२३० शक्यतो १.८ च्या वर. दुसरे कमी असेल तर ग्वानिडीन किंवा फिनॉल राहिले आहे, इथेनॉलने आणखी एकदा धुवा. आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा १ ते १० मधला अंक) ७ च्या वर असावा. हाडात तो ५-६ वर अडकणे सर्रास घडते. तेव्हा सर्व गटांत आरआयएन सारखा आहे का, हे पाहा. नियंत्रण गटाचा ८ आणि रुग्णगटाचा ५ असेल तर ती तुलनाच सोडून द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी अवरोधकांची चाचणी. हाडातले कॅल्शियम मॅग्नेशियमच्या जागी घुसून पॉलिमरेजला अडथळा करते. तीन-चार नमुन्यांचा सीडीएनए १० पट पातळ करून त्याच जनुकाचा सीटी पाहा. तो सुमारे ३.३ ने वाढायला हवा. २.५ नेच वाढला तर मूळ नमुन्यात अवरोधक आहे.

पायरी ४: सीडीएनए आणि प्रायमर

सर्व नमुन्यांतून नेमका तितकाच आरएनए घ्या, समजा ५०० नॅनोग्रॅम २० मायक्रोलिटरमध्ये, आणि शक्य असेल तर सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच मास्टर मिक्समधून. ऑलिगो-डीटी आणि रँडम हेक्सामर यांचे मिश्रण घ्या. तुटक आरएनएमध्ये नुसत्या ऑलिगो-डीटीने जनुकाचा पुढचा भाग निसटतो. तयार सीडीएनए १० पट पातळ केला की २०० मायक्रोलिटर होतो. दर विहिरीत २ मायक्रोलिटर, म्हणजे ५ नॅनोग्रॅम आरएनएइतका. दहा जनुके, तीन-तीन विहिरी, एकूण ६० मायक्रोलिटर. लक्ष्य जनुकांसाठी निम्म्याहून जास्त उरतो.

प्रायमर ७० ते १५० बेसचा तुकडा देणारे निवडा. लांब तुकडे तुटक आरएनएवर आधी मार खातात. प्रत्येक जोडीसाठी पाच पायऱ्यांचा स्टँडर्ड कर्व्ह काढा. उतार −३.१ ते −३.५८ म्हणजे कार्यक्षमता ११० ते ९० टक्के, आदर्श −३.३२. आर-वर्ग ०.९९ हून कमी असेल तर पिपेटिंग तपासा. मेल्ट कर्व्हला एकच शिखर हवे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेल्या नमुन्याचा सीटी खऱ्या नमुन्यापेक्षा किमान ७ ने मागे असला की डीएनएचा वाटा एक टक्क्याखाली राहतो.

पायरी ५: प्लेट मांडा

एका जनुकाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर ठेवा. २४ नमुने तीन-तीन विहिरींत म्हणजे ७२, कर्व्हच्या १५, पाण्याच्या ३ आणि कॅलिब्रेटरच्या (प्रत्येक प्लेटवर ठेवायचा तोच नमुना) ३. ९६ पैकी ९३ विहिरी भरतात. नमुने गटवार ओळीने लावू नका, मिसळून लावा. नाहीतर प्लेटच्या कडेचा परिणाम गटाचा परिणाम बनून समोर येतो. तीन विहिरींत ०.५ सायकलहून अधिक अंतर असेल तर ती मोजणी पुन्हा करा. मधला आकडा सोयीने गाळू नका.

पायरी ६: स्थिरता मोजा

चार साधने प्रचलित आहेत आणि प्रत्येक वेगळा प्रश्न विचारते.

जीनॉर्म (२००२) जोड्याजोड्यांचे गुणोत्तर किती स्थिर राहते ते पाहून एम-मूल्य देते. मूळ मर्यादा १.५ आहे, पण एकाच प्रकारच्या पेशींत ०.५ खाली आणि हाडासारख्या मिश्र ऊतीत १ च्या खाली धरणे योग्य. त्याला कच्चे सीटी देऊ नका. आधी सापेक्ष प्रमाण काढा: (१ + कार्यक्षमता) ही संख्या, तिचा घात (सर्वांत लहान सीटी वजा त्या नमुन्याचा सीटी). याची कमजोरी म्हणजे हातात हात घालून हलणारी जनुके ते वरच्या क्रमांकावर नेते. नॉर्मफाइंडर (२००४) गटांतर्गत आणि गटांमधला फरक वेगवेगळा मोजते. आजारी विरुद्ध निरोगी अशा रचनेत आमचा कौल यालाच आहे, कारण सुरुवातीच्या उदाहरणातली चूक तेच पकडते. गटांची नावे भरायला मात्र विसरू नका. तो रकाना रिकामा ठेवून चालवले तर त्याची खास ताकदच वाया जाते. बेस्टकीपर (२००४) कच्च्या सीटीवर चालते. प्रमाण विचलन १ हून अधिक असलेले जनुक बाद. सीडीएनए कमी-जास्त पडला तर इथे सगळीच जनुके वाईट दिसतात, आणि ही खूणही उपयोगी आहे. रेफफाइंडर या तिघांचे आणि डेल्टा सीटी पद्धतीचे क्रमांक एकत्र करते. सोयीचे आहे, पण कार्यक्षमता १०० टक्के धरून चालते. एकत्रित क्रमांकावर डोळे मिटून विसंबू नका.

साधनांचे क्रमांक जुळले नाहीत तर सरासरी काढण्याआधी कारण शोधा. समजा एखादे जनुक जीनॉर्ममध्ये पहिले आणि नॉर्मफाइंडरमध्ये सातवे आले. बहुतेक वेळा त्याचा जोडीदार यादीत आहे आणि दोघे मिळून आजाराबरोबर हलत आहेत. त्यातले एक काढून जीनॉर्म पुन्हा चालवा, क्रम कसा कोसळतो ते लगेच दिसेल.

पायरी ७: किती जनुके, आणि काहीच स्थिर नसेल तर

एकाच जनुकावर काम भागवू नका. जीनॉर्मचे जोडीफरकाचे व्ही-मूल्य पाहा: व्ही २/३ (दोनऐवजी तीन जनुके घेतल्याने पडणारा फरक) हे ०.१५ खाली असेल तर दोन पुरेत, नाहीतर तीन. हाडाच्या ऊतीत तीन धरूनच चला. त्यांच्या सापेक्ष प्रमाणांची भूमितीय सरासरी घ्या. कार्यक्षमता जवळपास सारखी असेल तर सीटींची साधी सरासरी म्हणजे तेच.

सगळ्यांचेच एम-मूल्य १ च्या वर आले तर नवी जनुके मागवण्याआधी क्रमाने पाहा: आरआयएन गटांत सारखा आहे का, अवरोधक आहेत का, एखादा नमुना एकटाच सगळे बिघडवतो आहे का, मज्जा सर्वांत सारखी धुतली गेली का. तरीही तेच आले तर पेशी वेगळ्या करून अभ्यास करणे किंवा काळाचे टप्पे कमी करणे हा खरा उपाय आहे. २१ दिवसांचे, खनिज साचलेले कल्चर आणि ० दिवसाच्या पेशी यांना एकच मोजपट्टी लागू होईलच असे नाही.

निवड झाल्यावर एक कसोटी लावा. ज्याची दिशा आधीच ठाऊक आहे असे जनुक मोजा: ऑस्टिओक्लास्ट घडताना कॅथेप्सिन-के किंवा एसीपी५ भरपूर वाढायलाच हवे. पण एवढा मोठा बदल कुठल्याही संदर्भाने दिसतो, म्हणून सोबत एखादे किंचित बदलणारे जनुकही घ्या आणि ते निवडलेल्या तिघांनी व नुसत्या जीएपीडीएचने असे दोन्हीकडून काढून पाहा. दोन उत्तरांतला फरक पाहिला की निवडीवरची मेहनत कुठे गेली ते कळते.

रक्तातील सूक्ष्म आरएनएचे वेगळे

सीरममधील मायक्रोआरएनए मोजत असाल तर वरची यादी उपयोगाची नाही. पेशींत चालणारे यू६ सीरममध्ये भरवशाचे नाही. मीर-१६ (मीर म्हणजे मायक्रोआरएनए) लाल पेशींत भरपूर असते, त्यामुळे नमुन्यात थोडे जरी रक्तविघटन झाले तरी ते उसळते. आधी मीर-२३ए आणि मीर-४५१ए यांच्या सीटींतला फरक पाहा. तो ७ च्या वर गेला तर नमुना संशयास्पद. आरएनए काढण्याच्या सुरुवातीला, विघटनकारक द्राव घातल्यानंतरच, सेल-मीर-३९ (एका कृमीचा मायक्रोआरएनए) ठरावीक प्रमाणात मिसळा. त्यावरून काढणीतली तूट कळते, पण ते नमुन्यातले जैविक संदर्भ नव्हे. ते अंतर्गत मायक्रोआरएनएमधूनच, याच पायऱ्यांनी शोधावे लागते.

लिहिताना

क्यूपीसीआरच्या लेखनासाठीच्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांना धरून पद्धतीच्या भागात हे यायला हवे: तपासलेल्या सर्व उमेदवारांची नावे, प्रत्येकाच्या प्रायमरचा बेस-क्रम, कार्यक्षमता व आर-वर्ग, आरआयएन, नमुन्यांची संख्या, वापरलेले साधन, एम व व्ही मूल्ये, आणि अंतिम निवड. बाद झालेल्या जनुकांचे आकडेही पुरवणी तक्त्यात द्या. त्याच ऊतीवर काम करणाऱ्या पुढच्या गटाला ते फार उपयोगी पडतात. औषध, प्राण्याची जात, वय किंवा हाडाचा भाग यांपैकी काहीही बदलले तर निवडलेली तीन आणि राखीव दोन अशी पाच जनुके घेऊन दर गटातल्या ८ नमुन्यांवर चाचणी पुन्हा करा. प्रायमर तयार असल्याने हे काम दोन दिवसांत उरकते.